तक्रार बंद करण्याआधी तक्रारदाराला विचारा

प्रति,
कोल्हापूर शहर व जिल्ह्यातील सार्वजनिक सेवांचे सर्व तक्रार निवारण अधिकारी

सप्रेम नमस्कार.

पाणी, वीज, रस्ते, बस, रेशन, दाखले, जमीन मोजणी, टपाल, दवाखाने. ज्या कार्यालयात तक्रारीची नोंदवही आहे, पेटी आहे, फोन नंबर किंवा ॲप आहे, त्या प्रत्येक कार्यालयात तक्रारींची जबाबदारी ज्यांच्याकडे दिली आहे त्या सगळ्यांना हे पत्र लिहिते आहे. एखाद्या बंद दिव्यासाठी किंवा तुंबलेल्या गटारासाठी हे पत्र नाही, त्यांचे अर्ज त्यांच्या वाटेने जातात. तक्रार तुमच्या दारात शिरल्यावर तिचे पुढे काय होते, त्याबद्दल मला बोलायचे आहे.

लोकशाही दिनात हे मांडता आले असते तर मला आवडले असते. जिल्हा पातळीवर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो भरतो, त्यासाठी पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात अर्ज द्यावा लागतो. पण तिथे वैयक्तिक स्वरूपाचे गाऱ्हाणेच घेतात. माझे म्हणणे माझ्या एकटीचे नाही आणि एका कार्यालयापुरतेही नाही, म्हणून ते उघड्यावर मांडते आहे. कार्यालयांची नावे मी मुद्दाम घेतलेली नाहीत. एकाचे नाव घेतले की बाकीच्यांना आपण सुटलो असे वाटते.

माझी नोकरी एका सरकारी कार्यालयात झाली, त्यातली बरीच वर्षे बारनिशीत. आलेले टपाल फोडायचे, शिक्का मारायचा, आवक क्रमांक घालायचा, ज्या त्या संकलनाकडे, म्हणजे त्या विषयाच्या टेबलाकडे, पाठवायचे आणि सही घ्यायची. निवृत्तीनंतर पेठेतली माणसे अर्ज लिहून घ्यायला येऊ लागली. "मॅडम, तेवढा अर्ज लिहून द्या की." कोणाचे बिल चुकलेले असते, कोणाचा दाखला अडलेला असतो, कोणाच्या दारात चर खणून माणसे निघून गेलेली असतात. त्यामुळे कागद आत कसा फिरतो हे मला ठाऊक आहे, आणि बाहेर माणूस त्या कागदाची वाट कशी बघतो हे आता रोज दिसते.

एका प्रश्नापासून सुरुवात करते. तक्रार बंद कोण करतो?

अर्ज येतो, क्रमांक पडतो. साहेबांचा शेरा होतो, "नियमानुसार कार्यवाही करावी". मग तो शाखेकडे जातो, शाखेतून त्या भागाच्या अभियंत्याकडे किंवा पर्यवेक्षकाकडे, आणि तिथून ज्याच्या कामाबद्दल तक्रार आहे त्याच माणसाच्या हातात पडतो. त्याने "कार्यवाही केली आहे" एवढी एक ओळ लिहिली की तीच ओळ वर चढत जाते, प्रत्येक टेबलावर तिला एक सही मिळते आणि शेवटी तक्रारदाराच्या मोबाईलवर संदेश येतो की आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. या सगळ्या प्रवासात जागेवर जाऊन कोणी बघितलेले नसते. ज्याने अर्ज दिला त्याला "झाले का हो काम?" असे कोणी विचारलेले नसते. आरोपीचा जबाब हाच निकाल, असा हा कारभार आहे. अॅप आले, पोर्टल आले, तरी ही वाट तीच राहिली. कागदाऐवजी पडद्यावर चालते एवढेच.

मागच्या बोळातल्या एका गृहस्थांनी अशीच एक रीतसर तक्रार नोंदवली होती. सेवा कोणती ते सोडा. संध्याकाळी त्यांना फोन आला. पलीकडे त्या भागात काम करणारा कंत्राटी मुलगा. "काका, तक्रार मागं घ्या की ओ. वरनं झाप बसतोय. तुमचं काम मी करतो, पर तेवढं बंद करून टाका." तक्रार बंद करायला तक्रारदाराच्या मोबाईलवर ओटीपी जातो, तशी सोय त्या यंत्रणेत होती. काकांना पोराची दया आली, त्यांनी आकडा सांगून टाकला. तक्रार बंद झाली. काम मात्र झाले नाही, कारण ते त्या मुलाच्या हातात कधीच नव्हते. सामान वरून मंजूर व्हायचे होते, ते मंजूर करणाऱ्याला अशी काही तक्रार आली होती हेही बहुधा कळले नसेल.

या प्रसंगात मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो सांगते. तक्रार ज्याच्याबद्दल असायला हवी होती तो वर सुखरूप राहिला आणि भांडण लागले ते दोन साध्या माणसांत. एकाला सेवा मिळत नाही, दुसऱ्याचा कंत्राटावरचा रोजगार जाईल अशी भीती. पुढच्या वेळी काका तक्रार करायला कचरतील, कारण त्या मुलाची गाठ रोज दारात पडते. कित्येक बायका मला म्हणतात, "अर्ज लिहा, पण आमचं नाव नको." निनावी अर्जाला तुमच्याकडे किंमत नाही हे मी त्यांना समजावते. मग त्या गप्प बसतात आणि तुमच्या नोंदवहीत ती गल्ली निर्धोक दिसते.

ओटीपीची ती सोय ज्याने आणली त्याचा हेतू चांगलाच होता. तक्रारदाराच्या संमतीशिवाय तक्रार बंद होऊ नये, हाच. पण संमती घेण्याचे काम ज्याच्यावर ताण आहे त्याच्याकडेच सोपवले, तर ती संमती गयावया करून मिळवली जाणार. म्हणून माझी पहिली मागणी अगदी नेमकी आहे. तक्रार बंद करण्याचा अधिकार ज्या शाखेविरुद्ध तक्रार आहे तिच्याकडून काढून घ्या. मुख्य कार्यालयात एक माणूस, एक फोन आणि एक यादी एवढ्याने सुरुवात होते. शाखेने "काम झाले" कळवले की या माणसाने तक्रारदाराला फोन करायचा आणि त्याने होकार दिला तरच क्रमांक बंद करायचा. सगळ्यांना फोन करणे जमणार नसेल तर दहातल्या एकाला करा, पण कोणाला करायचा हे शाखेला आधी कळता कामा नये. केंद्र सरकारच्या तक्रार प्रणालीत तक्रार बंद झाल्यावर नागरिकाचा अभिप्राय घेतात आणि समाधान झाले नसेल तर अपील करता येते. २०२४ मध्ये तिथली मुदतही ३० दिवसांवरून २१ दिवसांवर आणली. दिल्लीच्या यंत्रणेला एवढ्या मोठ्या देशासाठी जे जमते ते ताराबाई रोडवरच्या माणसासाठी आपल्याला जमू नये, हे मला पटत नाही.

आता मोजमापाविषयी, कारण मुळातली अडचण तिथे आहे. २०१७ मध्ये पुणे विभागात झिरो पेंडन्सीची, म्हणजे एकही प्रकरण प्रलंबित न ठेवण्याची, मोहीम झाली. कोल्हापूर त्याच विभागात. कपाटांवरचे गठ्ठे खाली आले, सहा गठ्ठ्यांची वर्गवारी झाली, हरवले म्हणून सांगितलेले संदर्भ सापडले. त्या मोहिमेचे मोल मला ठाऊक आहे आणि ती झाली याचा आनंद आहे. पण प्रलंबित किती, हा एकच आकडा जेव्हा दर महिन्याच्या बैठकीत विचारला जातो, तेव्हा खालचा माणूस तो आकडा कमी करायची सगळ्यात सोपी वाट शोधतो. काम करायला सामान लागते, माणसे लागतात, मंजुरी लागते. बंद करायला एक ओळ पुरते. त्या माणसाला आळशी म्हणून मोकळे होता येणार नाही. तुम्ही जे विचाराल तेच तो देणार. म्हणून बैठकीत दुसरा एक आकडा मागा: बंद केलेल्यांपैकी किती तक्रारी त्याच जागेच्या, त्याच कारणाच्या पुन्हा आल्या? बारनिशीत बसलेल्या कोणालाही विचारा, तोच पत्ता, तेच अक्षर आणि तोच मजकूर पुन्हा पुन्हा येतो. प्रत्येक वेळी त्याला नवा आवक क्रमांक पडतो आणि प्रत्येक वेळी ती नवी तक्रार म्हणून मोजली जाते, नवी म्हणून निकाली निघते. जुना क्रमांकच पुन्हा उघडला तर कागदावर लगेच दिसेल की हे दुखणे पावसाळ्यापासूनचे आहे.

आमच्या गल्लीत एक ताई डबे करून देतात. कॉलेजची मुले, बँकेतली एकटी राहणारी माणसे त्यांच्याकडे जेवतात. त्यांना एका सेवेचे बिल नेहमीच्या कितीतरी पट आले. अर्ज मी लिहिला, जुनी बिले जोडली. खिडकीवर सांगितले, आधी भरा, मग बघू. काही दिवसांनी मोबाईलवर इंग्रजीत संदेश आला. ताईंना वाटले, जोडणी तोडायची नोटीस आली. घाबरून त्या माझ्याकडे आल्या. संदेशात लिहिले होते की तुमच्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. बिल तेवढेच होते. पुढच्या बिलात थकबाकी आणि वर व्याज. डब्यांच्या पैशातून त्यांनी ते हप्त्याहप्त्याने भरायला सुरुवात केली. मग त्यांच्या भाच्याने कोणा वजनदार माणसाकडून एक फोन करवला. दुसऱ्या दिवशी बिल दुरुस्त झाले, भरलेली जादा रक्कम पुढे वळती झाली, खुर्चीही पुढे केली.

म्हणजे आकडा चुकला होता, तो चुकला आहे हे माझ्या अर्जातूनही दिसत होते, दुरुस्तीची सोय होती आणि तिला तासाभरापेक्षा जास्त वेळ लागत नव्हता. मग अर्जावर ती का झाली नाही? ज्या ताईंकडे असा भाचा नाही त्यांनी काय करायचे? आणि मराठीत अर्ज देणाऱ्या बाईला इंग्रजीत उत्तर कशासाठी? या राज्याला १९६४ चा राजभाषा अधिनियम आहे. संदेशाचा साचा एकदा मराठीत करून ठेवायला काय लागते?

फोनचा हा विषय कोल्हापुरात फार खोल गेला आहे. काही अडले की तालमीतल्या, मंडळातल्या कार्यकर्त्याला सांगायचे, तो नगरसेवकाला सांगणार, नगरसेवक साहेबांना फोन लावणार. महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. पाच वर्षांहून अधिक काळ शहराला नगरसेवक नव्हते. त्या काळात माझ्याकडे अर्जासाठी येणाऱ्यांची गर्दी वाढली. लोकांनी पहिल्यांदा खरोखर लेखी तक्रारीवर भिस्त ठेवून पाहिली. तेव्हा सगळ्याच सार्वजनिक सेवांच्या तक्रार कक्षांना लोकांचा विश्वास कमावायची संधी होती. आता सभागृह आले आहे, फोन पुन्हा सुरू झाले आहेत. फोनला माझा विरोध नाही, निवडून दिलेल्या माणसाने लोकांसाठी फोन करायलाच हवा. पण फोनने होते आणि अर्जाने होत नाही, असे ज्या दिवशी लोकांना पक्के कळते त्या दिवशी तुमची नोंदवही कोरीच ठेवलेली बरी.

मोर्चाचेही तसेच. हे शहर रस्त्यावर उतरते, त्याचा आम्हाला अभिमान आहे. शहरातल्या रस्त्यांवरचा टोल गेला तो लोक उतरले म्हणून. वकिलांनी आणि नागरिकांनी वर्षानुवर्षे लावून धरले म्हणून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून इथे बसू लागले. मोठ्या प्रश्नांसाठी आंदोलन असावेच. पण चार गल्ल्यांच्या पाण्यासाठी बायकांना रिकाम्या घागरी घेऊन दारात यावे लागते, टाळे ठोकायची भाषा करावी लागते आणि त्या दिवशी संध्याकाळी टँकर येतो, तेव्हा कार्यालय लोकांना एक धडा शिकवत असते. लिहून दिले तर मिळत नाही, ओरडले तर मिळते. मग ज्यांना ओरडता येत नाही, जी म्हातारी माणसे एकटी राहतात, जी धुणीभांडी करणारी बाई मोर्चाला गेली तर दिवसाची कमाई बुडते, त्यांची पाळी शेवटी. जनता दरबाराबद्दलही मला हेच म्हणायचे आहे. मंत्री समोर बसतात, अधिकारी उभे राहतात, जागच्या जागी आदेश होतो, बघणाऱ्याला बरे वाटते. या गादीवर गाऱ्हाणी स्वतः ऐकणारे राजर्षी शाहू होऊन गेले, त्यामुळे आपल्याला ते दृश्य जवळचेही वाटते. पण तक्रार कक्षाची परीक्षा दरबारापर्यंत न पोचलेल्या माणसाच्या अर्जावर व्हायला हवी.

याच कोल्हापुरात सरकारी यंत्रणा लोकांशी किती चांगली बोलू शकते, हे मी दर पावसाळ्यात बघते. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची पाणीपातळी तासातासाला कळते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आमच्या गल्लीतल्या शाळकरी मुलाला पाठ आहे. राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले, किती क्युसेक विसर्ग सुरू आहे, कोणते बंधारे पाण्याखाली गेले, कोणता रस्ता बंद, सगळे मिळते. रात्री अपरात्री मिळते. जुलै २०२१ च्या महापुरात उपसा केंद्रे पाण्यात गेली, नळ कोरडे पडले, टँकरमागे रांगा लागल्या. लोकांनी कळ सोसली. काय झाले आहे, का झाले आहे हे त्यांना माहीत होते आणि माणसे पाण्यात उतरून पंप सुरू करायला धडपडताहेत हे दिसत होते. कोल्हापूरचा माणूस कारण सांगितले तर ऐकतो, हे त्या दिवसांनी दाखवून दिले.

मग तीच पद्धत तक्रारींना का नाही? दर महिन्याला प्रत्येक कार्यालयाने दारातल्या फलकावर भागवार लिहावे: आल्या किती, काम होऊन मिटल्या किती, पुन्हा उघडल्या किती, मुदत उलटून गेलेल्या किती. वर्तमानपत्रांना पाठवावे. नदीची पातळी वाढली म्हणून कोणी नदी मोजणाऱ्याला दोष देत नाही, उलट वेळेत सांगितले म्हणून आभार मानतात. तक्रारींचे आकडे वाढलेले दिसले तर वरिष्ठ रागावतील ही भीती मला समजते. ती भीती घालवणे हे वरिष्ठांचे काम आहे. ज्या भागातून जास्त तक्रारी येतात तिथे जलवाहिनी कुजली आहे की माणसे कमी आहेत की ठेकेदार चुकतो आहे, हे शोधायला याहून स्वस्त साधन दुसरे नाही.

कायद्याबद्दल थोडे बोलायला हवे, कारण अनेकांना वाटते की तक्रारीला मुदत अशी नसतेच. २००५ च्या अधिनियमाचे आपण सगळे "बदल्यांचा कायदा" एवढेच नाव घेतो. त्याचा दुसरा अर्धा भाग दफ्तर दिरंगाईविषयी आहे. त्यात लिहिले आहे की कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, दुसऱ्या विभागाकडे पाठवायची गरज नसलेल्या प्रकरणावर ४५ दिवसांत आणि गरज असलेल्यावर तीन महिन्यांत निर्णय व्हावा. नागरिकांची सनद, म्हणजे कोणती सेवा कोण किती दिवसांत देणार याचा तक्ता, लावण्याची जबाबदारीही त्याच कायद्याने घातली. सनद बऱ्याच कार्यालयांत भिंतीवर आहे, तिच्यावरची नावे मात्र बदलून गेलेल्या साहेबांची असतात. २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम याच्या पुढे गेला. ठरलेल्या मुदतीत सेवा दिली नाही तर आधी कार्यालयात दोन अपिले, मग सेवा हक्क आयोग, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. फार चांगला कायदा आहे. पण तो अधिसूचित केलेल्या, म्हणजे सरकारने यादीत जाहीर केलेल्या, सेवांनाच लागतो. दाखला मागितला तर मुदत आणि दंड. दिलेली सेवा रोज बिघडते म्हणून तक्रार केली, तर त्या तक्रारीच्या उत्तराला तसे संरक्षण नसते. लोकांना जिथे सगळ्यात जास्त त्रास होतो ती जागा अशी उघडी राहिली आहे.

ती जागा लोक माहितीच्या अधिकाराने भरून काढतात. "माझ्या अमुक तारखेच्या तक्रारीवर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत मिळावी," असा अर्ज मी कितीतरी जणांना लिहून दिला आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत, आणि गंमत नाही, अनेकदा काम त्या अर्जानेच होते. पण स्वतःच्या तक्रारीचे काय झाले हे कळायला नागरिकाला दुसरा कायदा वापरावा लागणे योग्य नाही. माहिती अधिकाऱ्यावरचा बोजाही त्याने वाढतो. त्याच कायद्यातली एक तरतूद मात्र तुम्ही उसनी घ्यावी असे मला फार वाटते. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) प्रमाणे त्या कार्यालयानेच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करायचा आणि अर्जदाराला तसे कळवायचे. तक्रारीत याच्या उलट घडते. एका यंत्रणेने चर खणली, दुसरीचा पाईप फुटला, तिसरीचा रस्ता. प्रत्येक खिडकीवर उत्तर एकच, "हे आमच्याकडे येत नाही." कोणाकडे येते ते सांगत नाहीत. म्हातारा माणूस उन्हात या दारातून त्या दारात फिरतो. तीन कार्यालयांचे तीन अधिकारी फोनवर पाच मिनिटांत हे ठरवू शकतात.

वीज आणि बँका या दोन क्षेत्रांत कायद्याने एक पायरी जास्त बांधली आहे. वीज कायदा २००३ प्रमाणे वितरण कंपनीला गाऱ्हाणे निवारण मंच नेमावा लागतो, त्यात ग्राहकांचा प्रतिनिधी असतो आणि मंचाच्या निर्णयाने समाधान झाले नाही तर नियामक आयोगाने नेमलेल्या विद्युत लोकपालाकडे जाता येते. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या एकात्मिक योजनेने ठरवले की बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले पटले नाही तर लोकपालाकडे दाद मागावी. तिथेही अडचणी आहेत, पण ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याबाहेरचा कोणीतरी शेवटी ती वाचतो. बाकीच्या सेवांना हे का नाही? कायदा बदलेपर्यंत थांबायचीही गरज नाही. महिन्यातून एकदा तुमच्या बंद केलेल्या तक्रारींतल्या थोड्या, चिठ्ठी टाकून निवडलेल्या, बाहेरच्या दोन-तीन माणसांना बघू द्या. निवृत्त अभियंते, प्राध्यापक, ग्राहक चळवळीतले लोक या शहरात आहेत आणि ते मानधन मागणार नाहीत.

उत्तराविषयी एक विनंती. "नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल" हे वाक्य तक्रारीच्या उत्तरात लिहू नका. त्याने काही कळत नाही. काम झाले असेल तर झाले लिहा. होणार असेल तर तारीख लिहा आणि ती चुकली तर नवी तारीख कारणासह कळवा. होणार नसेल तर तसे स्पष्ट लिहा: यंदा तरतूद नाही, ही वाहिनी पुढच्या टप्प्यात आहे, तुमची मागणी नियमात बसत नाही. नकार लिहायला अधिकारी घाबरतात, कारण नकारावर अपील होते, बोंब होते. माझा अनुभव वेगळा आहे. खरा नकार हातात आलेला माणूस चिडतो, पण मग दुसरी सोय बघतो. खोटा होकार हातात आलेला माणूस वाट बघत राहतो आणि ज्या दिवशी त्याला कळते त्या दिवसापासून तुमच्या कोणत्याच कागदावर विश्वास ठेवत नाही.

आणि पोच. कागदावर अर्ज आणणाऱ्याला शिक्का, तारीख आणि क्रमांक घातलेली पोच द्या. "ॲपवर टाका" म्हणून परत पाठवू नका. ज्याला ॲप येते त्याने ॲपवर टाकावे, पण ज्याच्याकडे साधा फोन आहे त्याचेही गटार तुंबते. खिडकीवरच्या माणसाने तो कागद घेऊन स्वतः यंत्रणेत चढवावा, दोन मिनिटे लागतात.

तुमच्या खात्यांत माणसे कमी आहेत, पदे रिक्त आहेत, एकेका माणसाकडे तीन टेबलांचे काम आहे, निवडणूक आली की त्यातलीही माणसे उचलली जातात, हे सगळे मी आतून बघितले आहे. तक्रार कक्षात नेमणूक म्हणजे शिक्षा, असे कर्मचारी मानतात, तेही मला माहीत आहे. दिवसभर चिडलेली माणसे समोर येतात आणि हातात अधिकार काहीच नसतो. म्हणूनच तिथे तुमचा सगळ्यात चांगला माणूस बसवा, त्याला शाखाप्रमुखाला थेट जाब विचारायचा अधिकार द्या आणि त्याच्या गोपनीय अहवालात त्याने किती तक्रारी बंद केल्या हे न लिहिता किती माणसांनी "काम झाले" म्हणून सांगितले ते लिहा.

या पत्राची प्रत मी टपालाने प्रत्येक कार्यालयाकडे पाठवते आहे. सगळ्या मुद्द्यांवर उत्तराची अपेक्षा नाही. एकाच प्रश्नाचे लेखी उत्तर द्यावे: तुमच्या कार्यालयात तक्रार बंद करण्याचा अधिकार कोणत्या पदाकडे आहे, आणि बंद करण्याआधी तो तक्रारदाराला विचारतो का? उत्तर मराठीत, जावक क्रमांक आणि तारखेसह मिळावे. जी उत्तरे येतील ती मी पेठेतल्या वाचनालयाच्या फलकावर जशीच्या तशी लावणार आहे, आणि ज्यांच्याकडून ४५ दिवसांत उत्तर येणार नाही त्यांना स्मरणपत्र जाईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बारनिशी लिपिक
शिवाजी पेठ, कोल्हापूर